वर जाणाऱ्या माशाला वाट दे

सोन्या, मृगाचा दणका झाला आणि ओढा गढूळ होऊन पळायला लागला की तू घरात थांबणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. थांब असं मी म्हणतही नाही. आपल्या तामलवाडीच्या शिवारात ओढ्याला वर्षातले कितीतरी महिने नुसते दगडगोटे दिसतात. त्या ओढ्याला पाणी यावं आणि पाण्याच्या वासावर मासा वर चढावा, ही दुष्काळ बघितलेल्या भागात लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच सगळं गाव बंधाऱ्यावर लोटतं. कुणी फेकजाळं आणतं, कुणी गळ, कुणी नुसती पाटी नाहीतर जुनी मच्छरदाणी. तूही जा. पण निघण्याआधी घडीभर माझ्याजवळ बस. हे तुला बंधाऱ्यावरच्या गलक्यात कुणी सांगणार नाही.

तुम्ही पोरं मासा पाण्यात बघता, मी तो विळीवर बघते. राखेत घोळून, दगडावर घासून खवलं काढली आणि पोट फाडलं की आत काय आहे ते साफ करणाऱ्या बाईलाच कळतं. मृगात आणि आर्द्रात वर चढणाऱ्या माशाचं पोट अंड्यांनी गच्च असतं. हात लावला तर दाणे बोटांना चिकटतात. नराचं पोट दाबलं तर दुधासारखा चीक येतो. तोच मासा भाद्रपदात आणून दे, पोट रिकामं असतं. म्हणजे पहिल्या पाण्याला तू घरी आणतोस तो नुसता एक मासा नसतो, पुढच्या साली ओढ्यात असणारे मासेही त्याच पाटीत येतात. ही गाभोळी तव्यावर परतली तर चवीला चांगली लागते, नाही म्हणत नाही. पण ती परतताना मला दरवेळी वाटतं, हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं.

मासा उलट्या धारेला का चढतो ते आधी समजून घे, मग बाकीचं आपोआप पटेल. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात वाढतात, पोसतात, पण अंडी मात्र तिथे घालत नाहीत. त्यांना नवं, वाहतं, गढूळ पाणी लागतं. पाऊस पडतो, पाणी थोडं गार होतं, ओढ्याची धार तळ्यात शिरते आणि माशाच्या अंगात बदल होतो. तो धारेच्या तोंडाला लागतो. वर, जिथे पाणी पसरून उथळ झालंय, गवत बुडालंय, तिथे नर-मादी जमतात आणि अंडी सुटतात. रोहूच्या मादीच्या दर किलो वजनामागे साधारण दोन ते तीन लाख अंडी असतात. त्यातली बहुतेक वाया जातात, बेडूक खातात, पाणी ओसरलं की सुकतात. म्हणून तर निसर्गाने आकडा एवढा मोठा ठेवलाय.

आणि यातली एक गोष्ट कायमची लक्षात ठेव. ही अंडी फुटायला आठवडे लागत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी उबेत पंधरा ते वीस तासांत पिल्लू बाहेर येतं. आज संध्याकाळी अंडी सुटली तर उद्या दुपारपर्यंत जीव सुटा झाला. माशाला आपल्याकडून महिनाभराचा उपास नको आहे. त्याला वर जायला वाट हवी आणि एक-दोन रात्री निवांत हव्यात. एवढंच मागणं घेऊन मी तुझ्याशी बोलायला बसले आहे.

हे थांबलेल्या पाण्यातलं कोडं माणसालाही फार उशिरा सुटलं, बरं का. पूर्वी तळ्यात सोडायचं मत्स्यबीज नदीच्या पुरातूनच गाळून आणावं लागायचं. हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी ओडिशात माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली, तो दिवस होता १० जुलै १९५७. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आज मत्स्यबीज केंद्रावर जे मत्स्यजिरे तयार होतं, ते वाढवून बोटाएवढं झालं की त्याला बोटुकली म्हणतात, आणि तीच आपल्याकडच्या तलावांत सोडतात. पण ओढ्यातले शिंगटे, मरळ, वाम, बारीक खवल्यांचे मासे यांची बोटुकली कुणी ट्रकमधून आणून सोडत नाही. ते स्वतःच स्वतःची पैदास करतात आणि त्यासाठी त्यांना हेच पावसाचे दिवस मिळतात.

आपल्या भागाची अडचण आणखी वेगळी. नदी बारमाही असेल तिथे एका वर्षी चढण मारली गेली तरी डोहात मासा उरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात ओढा तुटतो. एखाददुसऱ्या डोहात, विहिरीच्या तोंडाशी, तळ्याच्या तळाशी जो थोडा मासा तग धरतो, त्याच्यावरच पुढचं सगळं उभं असतं. दुष्काळाची दोन वर्षं लागोपाठ आली की तोही संपतो. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते तुझ्या कानावर असेल. माणसांची ही गत तिथे माशाचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. त्यातून जे वाचलेत तेच पहिल्या पुराला तुझ्या समोरून वर चढतात. म्हणून आपल्याकडच्या चढणीच्या माशाची किंमत कोकणातल्यापेक्षा जास्त आहे, असं मी म्हणते.

आता गर्दीकडे ये. गर्दी सगळीकडे नसते, ती बंधाऱ्याखाली असते. असं का? मासा वर येतो, भिंतीला धडकतो, उड्या मारतो, दमतो, पुन्हा उड्या मारतो. तिथे तो दाटीने सापडतो आणि त्याच्यापाठोपाठ माणसंही दाटीने उभी राहतात. सांडव्यावरही तेच. तिथे मासा पकडायला कसब लागत नाही, कारण भिंतीने त्याला आधीच अडवून ठेवलेलं असतं. जिथे मासा हतबल आहे तिथून पोतं भरून आणणं ही मर्दुमकी नाही, हे मी तुला बहीण म्हणून सांगते. तुला जाळं फेकायची हौस आहे ना? मग बंधाऱ्यापासून बराच खाली, जिथे मासा मोकळा पोहतो तिथे उभा राहा. तिथे तुझा हात तयार होईल. पाणी वाचायला शिकशील, कडेचा भोवरा कुठे आहे, दगडामागे मासा कुठे विसावतो, ते कळेल.

ही गर्दी जगात सगळीकडे होते. अलास्कात केनाई नावाची नदी आहे. तिथे जुलैत लाल सामन मासा समुद्रातून नदीत चढतो. जन्मला त्या पाण्याकडे परततो, अंडी घालतो आणि मरतो. त्या दिवसांत काठावर माणसं खांद्याला खांदा लावून गळ टाकतात. तरीही तिथे काही रीत ठरून गेली आहे. एकाच्या गळाला मासा लागला की तो मोठ्याने ओरडतो आणि शेजारचे आपापल्या दोऱ्या गुंडाळून त्याला जागा करून देतात. राज्यातल्या रहिवाशांना हातजाळ्याने घरासाठी मासे धरायची वेगळी परवानगी आहे, पण माप ठरलेलं आहे. घरच्या प्रमुखामागे वर्षाला २५ आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे १०. धरलेल्या माशाच्या शेपटीची दोन्ही टोकं लगेच कापावी लागतात, म्हणजे तो मासा घरचा म्हणून ओळखू येतो आणि बाजारात विकायला जात नाही.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. तिथे पाण्यात ध्वनिलहरी सोडून वर गेलेले मासे मोजतात. अंडी घालायला पुरेसे मासे वर पोचतायत की नाही, ते आधी बघतात आणि त्यावर मासेमारी सुरू ठेवायची, वाढवायची की थांबवायची ते ठरवतात. त्याच नदीतला मोठा सामन, ज्याला तिथे राजा म्हणतात, तो कमी व्हायला लागला तेव्हा २०२३ साली त्याची मासेमारी बंद केली आणि पुढच्या वर्षांतही बंदच ठेवली. आपल्या ओढ्यावर यंत्र बसवणार नाही कुणी. पण आधी वर जाऊ दे, मग धर, हा क्रम पाळायला यंत्र कशाला लागतं?

गर्दीत वागायचं कसं, हे तामलवाडीच्या पोराला मी शिकवावं असं खरं तर नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी माणसं आपल्या दारावरून जातात. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो, तरी चालणाऱ्याची वाट कुणी अडवत नाही. पाणी देणारा कडेला उभा राहतो, फराळ वाटणारा कडेला उभा राहतो, गाड्यांना वळण देतात. ओढ्यालाही हाच नियम लाव. वर चालणाऱ्याची वाट मधून मोकळी आणि आपण कडेला.

म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगते.

ओढा आडवा बांधून घेऊ नको. या काठापासून त्या काठापर्यंत जाळं, साडी, मच्छरदाणी काहीही लावू नको. दुसऱ्याने लावलं असेल तर भांडू नको, पण समजावून एका बाजूची निम्मी वाट तरी मोकळी करून घे. धार जिथे खोल आणि जोराची आहे ती बाजू माशाची समज. पहिल्या मोठ्या पाण्याच्या एक-दोन रात्री जाळं टाकूच नको, दिवसा जाऊन नुसतं बघून ये. वर उथळ गवतात मासे खळबळ करताना दिसले तर तिथे पाय घालू नको, तिथे काम चाललंय.

जाळं घेशील तर आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा घे. बारीक आसाच्या जाळ्यात बोटुकलीसकट सगळं येतं आणि काठावर मरून पडतं. उजनी धरणाच्या पाण्यात वडाप म्हणतात त्या बारीक जाळ्यांविरुद्ध तिथलेच मच्छीमार आवाज उठवतात, कारण लहान मासळी गेली की पुढच्या वर्षी त्यांच्याच चुलीवर परिणाम होतो. मच्छरदाणीचा तर विषयच नको. आस मोठा असला की लहान मासा स्वतःच निघून जातो, तुला निवडत बसावं लागत नाही.

घरात किती तोंडं आहेत तेवढंच आण. आपल्या घरात मंगळवारी मासा शिजत नाही, देवीचा वार असतो. शेजारी वाटायचं म्हणशील तर वाट, पण आधी विचारून आण. जूनच्या उकाड्यात मासा दोन-तीन तासांत मऊ पडतो. पाटीभर आणायचा, रात्री उशिरा माझ्यासमोर ओतायचा आणि सकाळी अर्धा उकिरड्यावर टाकायचा, हे मला सहन होत नाही. आणायचाच तर ताजा, थोडा आणि उजेड असताना आण. मी येसर घालून रस्सा करते, ज्वारीची गरम भाकरी थापते, सगळे मिळून खाऊ.

आता मासा ओळखायला शीक, कारण सगळे मासे सारखे नसतात. पोट फुगलेली मादी हातात आली तर ती सोड. ओळख सोपी आहे. पोट दोन्ही बाजूंनी फुगीर, मऊ आणि मागचं भोक लालसर असतं. सोडताना ओल्या हाताने धर, कल्ल्यात बोट घालू नको, पाण्यात टाकू नको तर हातातच धरून धारेकडे तोंड कर आणि ती स्वतः सुटेपर्यंत थांब.

मरळीची गोष्ट वेगळी. ती तोंड वर काढून हवा घेते म्हणून चिखलातही जगते आणि पावसात ओल्या रानातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाते. कडेच्या उथळ पाण्यात लालसर-नारिंगी बारीक पिल्लांचा घोळका एकाच वेळी वर येऊन श्वास घेताना दिसला, तर त्याच्याखाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी गळ टाकला तर मरळ चवताळून धावते आणि लगेच सापडते, म्हणून पोरांना ती सोपी वाटते. तिथे गळ टाकू नको, बाळा. मोठी मरळ गेली की तो घोळका दुसऱ्या माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातो.

याउलट चिलापी मिळाली तर खुशाल घे. ती मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली आपल्या देशात आणली. तिला चढण लागत नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि थांबलेल्या पाण्यात वर्षातून कितीदा तरी पिल्लं काढते. तिने आपल्या माशांची जागा बळकावली आहे. ती कितीही काढलीस तरी ओढ्याचं भलंच होईल. आणि मोठ्या मिशांचा काळसर विदेशी मांगूर सापडला तर तो पाण्यात परत सोडू नको. तो सगळं खातो, त्याच्या पैदाशीवर देशात २०००पासून बंदी आहे आणि उजनीच्या परिसरातली मांगुराची शेततळी सरकारने उद्ध्वस्त केली आहेत. पुरात तो शेततळ्यातून निसटून ओढ्यात येतो.

काही गोष्टी कधीच करायच्या नाहीत, कुणी कितीही चढवलं तरी. मोटारीच्या वायरने पाण्यात करंट सोडणं, ब्लीचिंग पावडर किंवा फवारणीचं औषध टाकणं, सुरुंगाचा बार लावणं. हे कायद्याने गुन्हा आहे. १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यातच स्फोटक आणि विष वापरायला मनाई केलेली आहे, म्हणजे ही मनाई आपल्या पणजोबांच्या काळची. पण कायदा बाजूला ठेव. करंट सोडल्यावर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचाही जीव जातो. औषध टाकलेलं पाणी खाली गुरं पितात, बायका धुणं धुतात. आणि त्या धारेतल्या अंड्यांचं, पिल्लांचं, झिंग्यांचं काही उरत नाही. असं कुणी करताना दिसलं तर तिथून बाजूला हो आणि पोलीस पाटलांना सांग. एकट्याने अडवायला जाऊ नको.

मालकीचंही भान ठेव. तलाव सरकार मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने देतं. संस्थेची माणसं पैसे भरून बोटुकली सोडतात, वर्षभर राखण करतात. पाऊस झाला की त्यांचेच मासे ओढ्यात चढतात किंवा सांडव्यावरून खाली येतात आणि सगळं गाव ते फुकटचे समजून धावतं. ज्यांचं पोट यावर आहे, ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जाळं विणलं गेलं, त्या भोयांच्या माणसाला बंधाऱ्यावर पहिली जागा दे. आपल्याला हौस आहे, त्याला सालाचा घरखर्च भागवायचा आहे. तलावाच्या तोंडाशी जाळं टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचार. तो बहुतेक नाही म्हणणार नाही, आणि वर मासा कुठे बसतो ते दाखवेलही. त्याच्याकडून शिकशील तेवढं दुसऱ्या कुणाकडून शिकायला मिळणार नाही.

आता तुझ्या जिवाचं, कारण माशापेक्षा मला तू जास्त हवा आहेस. ओढ्याचं पाणी गुडघ्याएवढं आहे म्हणून निवांत राहू नको. तामलवाडीत ऊन असताना वर तुळजापूरच्या डोंगराकडे पाऊस पडत असतो. पाण्याचा रंग अचानक गडद झाला, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की जाळं तिथेच सोड आणि काठावर चढ. जाळं पुन्हा मिळेल. जाळ्याची दोरी मनगटाला किंवा कमरेला बांधू नको, जाळं झाडाच्या ओंडक्याला अडकलं तर ते तुला ओढून नेतं. सांडव्याच्या शेवाळलेल्या उतारावर चढू नको. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर पलीकडे जायचा मोह धरू नको. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला आलेला पूर आठव. परंड्याकडच्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं. आपल्या जिल्ह्याला पाणी माहीत नाही असं म्हणायचे दिवस गेले.

मृगात विजा फार पडतात. पुण्याच्या हवामान संस्थेने काढलेलं दामिनी ॲप मोबाईलवर घे. आसपास वीज पडण्याचा धोका असला तर ते आधी सांगतं. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर ये, झाडाखाली उभा राहू नको, घराकडे ये. शिंगट्याचा काटा बोटात घुसला तर आग आग होते. हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेव, वेदना कमी होते. काट्याचं टोक आत राहिलं किंवा सूज चढली तर दवाखान्यात जा, घरगुती लेप लावून बसू नको.

आणखी एक गोष्ट, मिरगाच्या माशाबद्दल. आपला भाग निजामाच्या राज्यात होता, आणि मृग निघाला की मासा खायचा, ही चाल हैदराबादपासून इकडेपर्यंत आहे. हैदराबादला बत्तिनी कुटुंब दरसाल मृगाच्या सुमाराला जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळा लेप घालून दम्याच्या माणसांना गिळायला देतं. ते १८४५पासून देतो असं सांगतात आणि लांबून लांबून माणसं रांगेत उभी राहतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण दम्यावर त्याचा उपयोग होतो असं शास्त्राने सिद्ध केलेलं नाही. घरातल्या कुणी डॉक्टरांचा पंप बंद करून त्याच्या भरवशावर राहू नये, एवढं तू बघ. आणि मृगाला मासा हवाच असेल तर त्या दिवशी बाजारातला तळ्याचा कटला आण. चढणीच्या मादीनेच मिरग साजरा व्हावा असं कुठल्या देवाने सांगितलेलं नाही.

मला एक खटकतं. आपल्याकडे श्रावण पाळतात, तेव्हा घरोघरी मासा-मटण बंद असतं. माशाला त्यात विसावा मिळतो, हे खरं. पण चढण असते मृगात आणि आर्द्रात, श्रावणाच्या कितीतरी आधी. समुद्रावर पावसाळ्यात १ जूनपासून यांत्रिक बोटी बंद असतात, म्हणून तिथल्या माशाला वेळेवर सुट्टी मिळते. आपल्या ओढ्याला तसं काही नाही. ते आपणच ठरवायचं आहे.

ठरवता येतं, सोन्या. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथे वरदायिनी देवीच्या नावाने महासीर मासे राखलेत. कुणी धरत नाही, लोक त्यांना खायला घालतात. महासीर हा आपल्या सह्याद्रीतला चढणारा मासा, इतर नद्यांत तो धरणांमुळे आणि बेसुमार मासेमारीमुळे दुर्मीळ झाला. लोणावळ्याजवळ टाटांच्या केंद्रात त्याची पैदास करून तो पुन्हा सोडावा लागतो. पण त्या डोहात तो टिकला, कारण माणसांनी एकमताने एक जागा सोडली. आपल्या ओढ्यावरही उन्हाळ्यात पाणी धरणारा एक डोह गावाने असाच सोडावा. देवीच्या नावाने सोडा, नाहीतर ग्रामसभेच्या ठरावाने सोडा. तिथे बारा महिने जाळं नाही, गळ नाही. दुष्काळातही ओढ्याचं बियाणं तिथे जिवंत राहील.

आणि बंधाऱ्याचंही बघ. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे दारातल्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पाणी अडवायला पुन्हा टाकायचे असतात. काढले तर पाणीही निघतं आणि मासाही त्या दारातून वर जातो. मृग लागायच्या आधी बर्गे निघालेत का, एवढं ग्रामपंचायतीत विचारत जा. सिमेंटच्या पक्क्या बंधाऱ्याला दार नसतं. तिथे एका कडेला दगड रचून चढाव करता येतो, पाणी त्यावरून पायरी पायरीने खाली येतं आणि मासा त्याच पायऱ्यांनी वर जातो. बाहेरच्या देशांत धरणांनाही असे जिने बांधतात. आपल्या लहान बंधाऱ्याला दोन ट्रॉली दगड आणि एका रविवारचं श्रमदान पुरेल, पण ते पाटबंधाऱ्याच्या साहेबांना विचारून आणि भिंतीला धक्का न लावता करा.

आपण राहतो त्या रस्त्यावरच, सोलापूरकडे जाताना, हिप्परग्याचा एकरुख तलाव लागतो. १८७१ साली अदिला नदी अडवून बांधलेला. दीडशे वर्षं झाली, दुष्काळ आले नि गेले, पाणी आटलं नि पुन्हा भरलं. दरवेळी भरल्यावर त्यात पुन्हा मासा दिसला तो काही सगळाच सोडलेला नव्हता. त्याला येऊन मिळणाऱ्या लहान-लहान पाण्यांतूनही जीव आला असणार. आपला ओढा लहान आहे म्हणून त्याचं महत्त्व लहान समजू नको.

तुला हे सगळं जड वाटत असेल तर एवढंच धर. येत्या मृगात मित्रांना आधीच सांगून ठेव की पहिल्या पाण्याच्या दोन रात्री आपलं टोळकं जाळं टाकणार नाही, आणि पुढेही बंधाऱ्याच्या खालच्या दाटीत न शिरता खाली उभं राहणार, एक बाजू मोकळी ठेवणार. पहिल्या वर्षी लोक म्हणतील, तुम्ही सोडलेले मासे आम्ही धरले. म्हणू देत. पाच पोरांनी कडेला उभं राहायचं ठरवलं तर सहावा विचारतो का म्हणून, आणि विचारलं की तुला सांगायला कारण आहे. भाद्रपदात पाणी निवळलं, मासा अंडी टाकून हलका झाला की मग मनसोक्त जाळं टाक. तेव्हाचा मासा घेऊन ये. मी विळी धुऊन ठेवते, आणि कसा साफ करायचा तेही तुला शिकवते. स्वतःच्या हाताने पोट फाडून बघितलंस की पुढच्या मृगात मला तुला काही सांगावं लागणार नाही.